आजीनं विचारलं, "हाई कोनं घर शे?"

शिरपूरच्या एका कॉलेजातल्या मुलीनं दोन फोटो पाठवलेत आणि सोबत प्रश्न. तो थोडक्यात असा: "काका, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आजी चुलीवरच्या मातीच्या खापरावर मांडे करत होती तेव्हा मी हा फोटो काढला. मागे निळा ड्रम, बाबांची मोटारसायकल, दोरीवरचे कपडे, कोपऱ्यात अर्धवट आलेली काकू, असा नुसता पसारा. मोबाइलमधल्या खोडायच्या सोयीनं मी तो सगळा काढून टाकला. फोटो सगळ्यांना आवडला. फक्त आजीनं बघून विचारलं, हाई कोनं घर शे? म्हणजे, हे कुणाचं घर? मागचा पसारा काढल्यानं फोटोचा अर्थ खरंच बदलतो का, की आजीला अशा फोटोंची सवय नाही एवढंच?"

आजीला सवय नाही, हे कारण आधी बाद कर. त्या फोटोकडे सगळ्यांत नीट बघितलं असेल तर ते आजीनंच.

माझा अमळनेरला स्टुडिओ आहे, त्याला आता तीस वर्षं होतील. त्याआधी वडिलांच्या डार्करूममध्ये ट्रे धुण्यापासून सुरुवात केली. इतक्या वर्षांत फोटोतून मी काय काय खोडलंय याची मोजदाद नाही. पुटकुळ्या, विजेच्या तारा, मांडवातले प्लास्टिकचे ग्लास, आणि एकदा तर नवरदेवामागे तोंड वासून जांभई देणारे अख्खे मामा. तेव्हा हे उत्तर कुणा सोवळ्या माणसाचं आहे असं समजू नकोस.

तुझे दोन्ही फोटो मोठ्या स्क्रीनवर शेजारी शेजारी लावले. मूळ फोटोत आजी चुलीपुढे बसलीय, मांडा तिच्या हातांवर फिरत फिरत कोपरापर्यंत आलाय, खापर तापलंय आणि तिची नजर डावीकडे आहे. डावीकडे काकू आहे. तिचा अर्धाच चेहरा फ्रेममध्ये आलाय, पण हातातलं ताट पूर्ण दिसतंय. म्हणजे काय चाललंय? आधीचा मांडा खापरावरून काकूनं उचलायचा, की लगेच आजी हातातला टाकणार. मांडा हातावर जास्त वेळ थांबत नाही, फाटतो. त्या क्षणाची सगळी घाई आजीच्या डोळ्यांत आहे. तोंडही किंचित उघडं आहे, बहुतेक ती काहीतरी बोलतेय.

आता दुसरा फोटो. काकू गेली, ताट गेलं. आजीचे डोळे तेच, तोंड तेच, एक रेघही बदललेली नाही. पण आता ती कोऱ्या भिंतीकडे बघतेय. ज्या नजरेत "उचल लवकर" होतं त्या नजरेत एकदम हुरहुर दिसायला लागली. तुला कुणीतरी नक्की म्हणालं असेल, आजीच्या डोळ्यांत किती आठवणी आहेत! त्या आठवणी तुझ्या फोननं तयार केल्यात. आजीच्या डोळ्यांत तेव्हा फक्त काकूचा आळस होता.

तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढ्यातच आहे, बाकीचं सगळं त्याचा विस्तार. फोटोतला माणूस एकटा कधीच नसतो. त्याची नजर कशावर तरी असते, हात कशाकडे तरी निघालेला असतो, मान कशामुळे तरी वळलेली असते. मागची वस्तू काढली की ते कारण निघून जातं आणि परिणाम तेवढा मागे राहतो. बघणारा त्या परिणामाला आपल्या मनानं नवं कारण जोडतो. त्याला ते कळतही नाही, कारण आपल्याला चेहरा दिसला की त्यामागचं कारण आपण शोधतोच.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. एका हार घालायच्या फोटोनं शिकवलं.

आपल्याकडे माणूस गेला की गंधमुक्तीच्या विधीच्या आत मोठा फोटो तयार हवा असतो. आता मोबाइलमुळे फोटोंना तोटा नाही, पण नव्वदच्या दशकात खेड्यावरच्या माणसाचा आयुष्यात एखादाच फोटो असायचा, तोही कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यात. घरचे तो घेऊन यायचे आणि म्हणायचे, यातून आमच्या आबांना काढून द्या. मग त्या फोटोचा पुन्हा फोटो घ्यायचा, निगेटिव्हवर टचिंगच्या डेस्कवर बसायचं, आजूबाजूची माणसं लाल ओपेकनं, म्हणजे उजेड अडवणाऱ्या रंगानं, भरून टाकायची. निगेटिव्हवर जिथं ओपेक लागतो तिथं प्रिंटवर पांढरं येतं. त्यावर हलकासा निळा हात फिरवला की झाला देव्हाऱ्याशेजारी टांगायचा फोटो. वडील या कामात एवढे तरबेज होते की लांबलांबून गिऱ्हाईक यायचं.

असाच एक फोटो आला. वरातीतला. गेलेले गृहस्थ मोकळं हसत होते आणि त्यांच्या खांद्यावर शेजारच्या धाकट्या भावाचा हात होता. आणणारे म्हणाले, शेजारचा नको, नुसते आमचे अण्णा द्या. मी हात काढला, भाऊ काढला, खांदा सारखा केला. पण सदऱ्यावर त्या बोटांच्या दाबानं पडलेली चुणी होती, ती राहिली. त्यात आणखी एक गोष्ट झाली. अण्णा भावाच्या कुठल्यातरी बोलण्यावर हसत होते, त्यामुळे डोळे कडेला वळलेले. पांढऱ्या शून्याकडे बघून हसणारा माणूस, तोही गेलेला, त्यावर हार. त्यांच्या घरातली लहान पोरं त्या खोलीत जायला घाबरतात असं नंतर कानावर आलं. चेहऱ्याला मी हातही लावला नव्हता.

पुढे चारेक वर्षांनी तोच धाकटा भाऊ दुकानात आला. वाटणीवरून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. मूळ फोटो घरातल्या पेटीत वाळवीनं खाल्ला होता. त्यानं विचारलं, तुमच्याकडे तो अख्खा आहे का? नशीब असं की ओपेक लावण्याआधी मी पूर्ण फोटोची एक कॉपी निगेटिव्ह करून ठेवायचो, वडिलांची शिस्त. ती सापडली. प्रिंट हातात घेऊन तो बराच वेळ बघत बसला. माझ्याकडे बघून म्हणाला, "भाऊ, आम्ही तवा चांगले होतो ना." तेव्हापासून काहीही खोडण्याआधी मूळ प्रत वेगळी ठेवल्याशिवाय मी माउसला हात लावत नाही.

तुझ्या फोटोकडे परत येतो, कारण त्यात आणखी काही राहिलंय. काकू गेली, पण तिची सावली जमिनीवर तशीच आहे, चुलीच्या डाव्या अंगाला. बिनमाणसाची सावली. आजीपुढच्या स्टीलच्या पातेल्यात अजून एक निळा डाग दिसतोय, तो ड्रमचं प्रतिबिंब. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: जिथं ड्रम होता तिथं फोननं भिंतीत एक छोटी लाकडी खिडकी घातलीय. तुमच्या त्या भिंतीला खिडकी आहे का? मूळ फोटोत दोरीच्या वरून भिंतीचा जो भाग दिसतो त्यात तर नाही. आजीनं "कोनं घर" विचारलं ते यावरून. तिनं अर्थाबद्दल काही म्हटलेलं नाही, साधी खरी माहिती विचारलीय. ती ज्या घरात एवढी वर्षं राहते त्यात ती खिडकी नाही.

ही खिडकी आली कुठून हे समजून घे. खोडण्याच्या पद्धती सगळ्या सारख्या नाहीत. पूर्वी फोटोशॉपमध्ये क्लोन स्टॅम्प होता, म्हणजे त्याच फोटोतला एक तुकडा उचलायचा आणि दुसरीकडे चिकटवायचा. २००२ मध्ये हीलिंग ब्रश आला, तो कडा मिसळून द्यायचा. २०१० मध्ये कंटेंट-अवेअर फिल आलं, ते आजूबाजूचा पोत बघून भोक आपोआप भरायचं. या सगळ्यांत भरणा तुझ्याच फोटोतला असायचा, भिंतीवर भिंतच यायची. फार तर एकच भेग दोनदा दिसायची. २०२१ च्या सुमारास असा खोडरबर फोनमध्येही रुळला. आता त्यामागे जी नवी तंत्रं आली आहेत ती भोक भरताना तुझ्या फोटोबाहेरचं, कुठे कुठे बघितलेल्या लाखो भिंतींवरून शिकलेलं काहीतरी रचून टाकतात. तू ड्रम काढायला सांगितलास. त्यानं ड्रम काढला आणि तिथं दुसऱ्याच कुणाच्या घराची खिडकी बसवली. खोडणं आणि भर घालणं यांतली सीमा इथं पुसली जाते, आणि बोट फिरवणाऱ्याला ती पुसल्याचं दिसतही नाही.

आता ड्रम. तुला तो पसारा वाटला. मला त्या फोटोतली सर्वांत बोलकी वस्तू तीच वाटली. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून घरात ड्रम असतो, आणि मांड्यांच्या दिवशी तो चुलीजवळ ओढून आणलेला असतो, कारण पीठ तिंबायला, हात धुवायला पाणी लागतं. शिवाय प्लास्टिकचा ड्रम म्हणजे हा फोटो आत्ताच्या काळातला. तो काढल्यावर आजी एकदम सत्तर वर्षं मागे गेली. चूल, खापर, नऊवारी, कोरी भिंत. हॉटेलांच्या खाद्यमहोत्सवाच्या पत्रकावर छापतात तसा फोटो झाला. आजी आजही मांडे करते, बाबांची मोटारसायकल अंगणात लावलेली असताना करते, हे जे तुझ्या मूळ फोटोत होतं ते नव्या फोटोत उरलं नाही.

याच चुकीसाठी आपल्या भागात मी जाणत्या फोटोग्राफरांशी भांडलोय. अक्कलकुव्याकडे काठी या गावाची होळी असते. सातपुड्यातली गावंच्या गावं रात्री जमतात, पहाटे होळी पेटते. बुध्या झालेले पुरुष अंगावर राखेचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला घुंगरं बांधून नाचतात. दरवर्षी बाहेरून कॅमेरेवाले येतात आणि घरी जाऊन त्या फोटोंतून क्रूझर गाड्या, हॅलोजनचे दिवे, मागच्या पोरांच्या हातातले मोबाइल, कुणाचा गॉगल, सगळं काढतात. म्हणे "ऑथेंटिक" दिसत नाही. अरे, तो गॉगल त्या पोरानं होळीसाठी हौसेनं घेतलाय! कित्येक जण गुजरातेत ऊसतोडीला गेलेले असतात, ते होळीसाठी परत येतात, त्या क्रूझरमधूनच येतात. ती गाडी काढली की ते लोक कुठून आले, किती लांबून आले, कशासाठी आले, हे सगळं निघून जातं. उरतो फक्त जंगलात कायमचा नाचत असलेला एक माणूस, ज्याचं या जगाशी काही देणंघेणं नाही. हा अर्थ कुणी शब्दांत लिहिला असता तर त्याला चार लोकांनी खडसावलं असतं. फोटोत तो चालून जातो, कारण त्यात काही लिहिलेलं नसतं, काढलेलं असतं.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारातही तेच. दत्तजयंतीला तापीकाठी यात्रा भरते, देशभरातून घोडे येतात. मान ताणलेला, डोळे मोठे केलेला, पुढचे पाय उचललेला घोडा सगळ्यांना हवा असतो. पण त्याची मान ताणली जाते कारण खाली कुणीतरी दोर धरून खेचतोय. दोर आणि माणूस काढले की तोच घोडा रुबाबदार, मोकळा, वाऱ्याशी खेळणारा होतो. बाजारातला घोडा आणि मोकळा घोडा यांत जेवढं अंतर आहे तेवढा अर्थ बदलला.

मी स्वतः तोंडघशी पडलो ते रावेर तालुक्यात. एका रोपं विकणाऱ्यासाठी कॅलेंडर करत होतो. केळीची बाग, सकाळचं कोवळं ऊन, घड लटकलेले, सगळं जमलेलं. फक्त ओळीओळीतून ठिबकच्या काळ्या नळ्या. मला त्या डोळ्यांत खुपत होत्या. दोन रात्री बसून एकूण एक नळी काढली, माती सारखी केली, वाळलेली पानं पसरली. कॅलेंडर छापून गावोगाव वाटलं गेलं. आठवड्यानं तिथल्याच एका शेतकऱ्यानं दुकानात बसून, चहा पीत, शांतपणे विचारलं, "भाऊ, या बागले पानी कुठून देता?" बसलेले सगळे हसले. त्या शेतकऱ्यांच्या नजरेला ती बाग खोटी होती. पुण्या-मुंबईच्या माणसाला तो फोटो सुंदर वाटला असता. कॅलेंडर लागणार होतं मात्र रावेर-यावलच्या भिंतींवर.

यावरून माझी एक सवय झाली. वस्तू नको वाटली की मी आधी विचारतो, ती तिथं कुणी ठेवली आहे की नुसती आली आहे? ठिबकची नळी ठेवलेली आहे, ड्रम ठेवलेला आहे, दोरीवरचे कपडे घरच्या बाईनं वाळत घातलेले आहेत. त्यांना हात लावताना दहा वेळा विचार करतो. उडत आलेली कॅरीबॅग, रस्त्यावरून जाणाऱ्या तिऱ्हाइताची अर्धी पाठ, लेन्सवरचा धुळीचा कण, यांना कुणी तिथं ठेवलेलं नाही. फोटोतल्या माणसाला त्यांचा पत्ताही नसतो. ती खुशाल काढ. मधे बऱ्याच गोष्टी येतात, तिथं हा नियम पुरत नाही, तेही सांगून ठेवतो. जांभई देणारे मामा यांपैकी कशात बसतात हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

बातमीच्या फोटोत मात्र एवढीही सूट नाही, आणि ती का नाही हे बघण्यासारखं आहे. लोक नेहमी सोव्हिएत हुकूमशहा स्टालिनच्या शेजारून, मर्जीतून उतरलेल्या येझोव्ह या अधिकाऱ्याला फोटोतून कसं गायब केलं ते उदाहरण देतात. मला ते आपल्या कामाचं वाटत नाही. तिथं फसवायचंच होतं. तुला मला कुणाला फसवायचं नसतं, फोटो स्वच्छ करायचा असतो, म्हणून स्वच्छतेपायी झालेल्या चुका बघ. २०१३ मध्ये सीरियातल्या युद्धात नार्सिसो कॉन्त्रेरास नावाच्या छायाचित्रकारानं एका बंडखोर सैनिकाचा फोटो काढला. खालच्या कोपऱ्यात सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा आला होता, तो त्यानं काढून तिथं माती-दगड भरले. २०१४ च्या जानेवारीत असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेला ते कळलं आणि तिनं त्याच्याशी संबंध तोडले. त्याचे सुमारे ५०० फोटो तपासले, दुसरी कुठलीही खोडाखोड सापडली नाही. एका फोटोसाठी एवढं? माझ्या मते बरोबर होतं. कॅमेरा दिसत असताना बघणाऱ्याला कळतं की इथं पत्रकार आहेत, हा सैनिक एकटा नाही, त्याच्याकडे बघितलं जातंय. कॅमेरा गेला की तो एकटा पडतो. तुझ्या आजीसारखाच.

त्याआधी २०१० मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत स्टेपान रुडिक या युक्रेनियन छायाचित्रकाराचं बक्षीस काढून घेतलं. हे प्रकरण मला जास्त शिकवून गेलं. त्यानं मूळ रंगीत फोटोचा एक छोटासा भाग कापून घेतला होता, तो काळा-पांढरा केला होता, दाणेदार केला होता, कडा अंधारल्या होत्या. एवढं सगळं परीक्षकांना चाललं. चाललं नाही ते एवढंच, की हाताला पट्टी बांधणाऱ्या माणसामागे दुसऱ्याच्या पायाचा लहानसा तुकडा दिसत होता, तो त्यानं पुसला होता. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा मूर्खपणा वाटला. अर्ध्याहून जास्त फोटो कापून फेकला तर हरकत नाही, आणि बूट पुसला तर बाद?

पण विचार केल्यावर पटलं. फोटोला कडा असते हे लहान मुलालाही ठाऊक असतं. कापलेला फोटो म्हणतो, मी इथपर्यंतच बघितलं, पलीकडे काय होतं ते मला विचारू नका. कडेच्या आत मात्र न बोलता दिलेला एक शब्द असतो, की इथं जे होतं ते सगळं हे आहे. आत खोडलं की तो शब्द मोडतो. म्हणून मी खोडण्याआधी कापून बघतो. मागची वस्तू थोडी अंधारून बघतो, ते आम्ही डार्करूममध्ये बाकीच्या फोटोवर हाताची सावली धरून, तेवढ्याच भागाला जास्त उजेड देऊन करायचो. धूसर करून बघतो. धूसर ड्रम म्हणतो, मी आहे, पण आत्ता आजीकडे बघ. खोडलेला ड्रम तेवढंही म्हणू शकत नाही.

कापण्यातही लबाडी करता येते बरं का. प्रचारसभेचे फोटो काढून माझं अर्धं आयुष्य गेलंय. पुढच्या वीस रांगा भरलेल्या आणि मागे रिकाम्या खुर्च्यांचं शेत. कुठं कापायचं हे न सांगताच कळायचं, आणि मी कापलंय. ते बरोबर होतं असं म्हणत नाही.

एक उदाहरण अजून, कारण ते तुझ्या मोटारसायकलीशी जुळतं. १९७० च्या मे महिन्यात अमेरिकेत केंट स्टेट विद्यापीठात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. जमिनीवर पडलेल्या विद्यार्थ्याशेजारी गुडघ्यावर बसून आक्रोश करणाऱ्या मुलीचा फोटो जॉन फिलो या विद्यार्थ्यानंच काढला. त्या मुलीच्या बरोबर डोक्यातून कुंपणाचा खांब उगवल्यासारखा दिसतो. पुढे तो खांब काढून फोटो छापला गेला, १९९५ मध्ये लाइफ मासिकानं तसा छापल्यावर मोठा वाद झाला. खांब काढल्यानं घटनेत काही बदललं का? नाही. फोटो बघायला सोपा झाला, हे खरं. पण तो खांब एक गोष्ट सांगत होता: फोटो काढणाऱ्याला एक पाऊल बाजूला सरकायलाही वेळ नव्हता. गोळ्या नुकत्याच थांबल्या होत्या. रचना बिघडलेली असणं हीच तिथं साक्ष होती.

तुझ्या आजीच्या डोक्यातून मोटारसायकलचं हँडल शिंगांसारखं निघालंय. तुला वेळ नव्हता का? होता. आजी सकाळपासून मांडे करत होती. ते हँडल कसलीच साक्ष देत नाही, ती तुझी चूक आहे. मोटारसायकल घरची आहे, तिला तिथं बाबांनी उभं केलंय, ती राहू दे. ती आजीच्या डोक्यावर बसली ती मात्र तू जिथं उभी होतीस त्यामुळे. दोन पावलं उजवीकडे सरकली असतीस तर ती आजीच्या आणि तुमच्या घराच्या खांबाच्या मधे स्वच्छ दिसली असती.

हे सगळं वाचून फोटोत काही रचणंच पाप आहे असं समजू नकोस. वडिलांच्या स्टुडिओत तीन पडदे होते: बाग, जिना आणि ताजमहाल. मुलगी बघायला येणार म्हणून खेड्यावरचे लोक ताजमहालापुढे उभे राहून फोटो काढायचे आणि ते आग्र्याला गेले होते असं कुणालाही वाटायचं नाही. आपल्या चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस तर टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडून, दिवे लावून अख्खं निसर्गदृश्य उभं करायचे. दशकानुदशकं ते घराबाहेर फारसे पडलेच नाहीत, १९८९ मध्ये वारले. स्टेशनजवळच्या त्यांच्या बंगल्यात आता संग्रहालय आहे, एकदा जाऊन बघ. त्या फोटोंत एकही गोष्ट "तिथं" नव्हती, तरी ते खोटे नाहीत, कारण हे मांडलेलं आहे हे त्यांनी कधी लपवलं नाही. पासपोर्टच्या फोटोत आम्ही माणसामागे नुसतं पांढरं ठेवतो, तेही कुणाला खटकत नाही. तिथं सरकारला तेवढंच हवं असतं. तुझ्या फोटोचा घोटाळा असा, की तो आमच्या घरचा आखाजीचा फोटो म्हणून तू पाठवलास आणि त्यात घर नव्हतं.

आता कामाचं. पुढच्या वेळी फोटो काढण्याआधी चेहऱ्याकडे नको, कडांकडे बघ, चारी कोपरे फिरून ये. उभी असशील तर बस. खाली बसलं की मागचा निम्मा पसारा माणसाआड जातो. फोनवर दोन एक्स लाव आणि चार पावलं मागे जा, मागचा भाग आपोआप कमी येतो. कॅमेरा असेल तर पन्नासची लेन्स एफ २.८ च्या आसपास ठेव. अगदी १.८ वर गेलीस तर आजीचे डोळे स्पष्ट येतील आणि मांडा धूसर, जो या फोटोचा जीव आहे. फोनचा पोर्ट्रेट मोड मांड्याची पातळ कड हमखास खातो, तो टाळ. आणि काकूला फ्रेममध्ये पूर्ण घे. तिला अर्धी घेतलीस म्हणून ती पसारा वाटली.

तरी काही खोडायचंच झालं, तर खोडल्यावर दोन्ही प्रती आलटून पालटून बघ आणि डोळे, हात, सावल्या, भांड्यांतली प्रतिबिंबं एवढ्यावर नजर फिरव. मग तो फोटो अशा माणसाला दाखव जो तेव्हा तिथं होता. तू हे नकळत केलंसच.

मूळ फाइल बहुधा फोनमध्ये आहेच, बऱ्याच फोनमध्ये बदल मागे घेता येतो. नसेल तर लगेच ट्रॅश बघ, तिथं थोडेच दिवस राहते. त्या मूळ फोटोची मॅट कागदावर आठ बाय बारा प्रिंट काढ, उजवीकडून थोडं कापलंस तर हँडलचं एक शिंग तरी जाईल. एक प्रत काकूला दे. आणि आजीला विचार, त्या वेळी ती काकूला नेमकं काय म्हणत होती. ओठांवरून मला "उचल वं" असं वाटतंय, पण मी काही तिथं नव्हतो.